तिनं केलेली माझी सही

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून शिलाईचं मशीन उचललं. ती पुढून, मी मागून. दर सरस्वतीपूजेला ते पुढच्या खोलीतल्या दुकानातून देवाच्या खोलीत न्यायचं. लोखंडी पायांचं जुनं मशीन, भलतं जड.

"उंबरठा आला, पाय उचला," ती म्हणाली.

"मला दिसतो उंबरठा."

"दिसतो हो, पण दरवर्षी आपटता."

आणि मी आपटलोच. ती हसली. मशीन ठेवलं, तिनं त्याला गंध लावलं, कुंकू लावलं, चाकाला झेंडूची माळ घातली. बस्स. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी मशीन जरा सावकाश नेलं असतं.

आमच्या तंजावूरला त्या दिवशी हत्यारांची आणि पुस्तकांची पूजा एकत्र होते. सगळं देवापुढं रचायचं, वर कापड घालायचं. त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही, हत्यार चालवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, विजयादशमीला, पूजा उतरवायची आणि ज्यानं त्यानं आपापली वस्तू हातात घ्यायची. शिंप्यानं कात्री, पोरांनी पुस्तक. ज्या पोराला शाळेत घालायचं असेल त्याला मांडीवर बसवून, त्याचं बोट धरून, ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर काढायला लावायचं.

त्या वर्षी ढिगात माझी कात्री, टेप, बोटातलं अंगुस्तान आणि इस्त्री होती. लेकीची बारावीची पुस्तकं आणि रिपोर्ट कार्डं होती. बायकोचं एक काळ्या कापडाचं गाठोडं होतं आणि तिचा चष्मासुद्धा होता. तो ती दरवर्षी ठेवायची. म्हणायची, "हे माझं हत्यार." आणि सगळ्यात शेवटी तिनं एक लखोटा आणला, ढिगावर ठेवला आणि माझी कात्री उचलून त्याच्यावर ठेवली.

त्या लखोट्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. आम्हाला ही एकच लेक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. तिला तिरुच्चीच्या इंजिनियरिंग कॉलेजात जागा मिळाली होती. त्या साली कोर्टात काही अडकलं होतं म्हणून याद्या उशिरा लागल्या, नाहीतर हे सगळं दोन-तीन महिने आधीच होऊन जातं. दोन दिवसांनी हजर व्हायचं होतं. बापानं स्वतः यायचं, कारकुनासमोर सही करायची, आणि ती शाळेच्या कागदावरच्या सहीशी जुळली पाहिजे, असं लिहिलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं. नाही पण म्हटलं नव्हतं. "आज लिहिण्याचं काही बोलायचं नसतं," एवढं म्हणालो, "उद्या बघू." सण बरा आडोशाला सापडला होता.

संध्याकाळी पाच वाजता ती या जगात नव्हती.

तिच्याविषयी सांगायचं तर कुठून सुरू करावं कळत नाही. बाई विचित्र होती. आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, मीपण म्हणायचो. शेंगदाणे आणले की ती आधी पुडी सोडायची, दाणे परातीत ओतायची आणि कागद वाचत बसायची. दाणे मी खायचो. एकदा पुडीच्या कागदावर कुठली गोष्ट होती, ती मध्येच तुटली. ही उठली आणि दाणेवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "अम्मा, त्या पुस्तकाची बाकी पानं मी कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याला दिली." ही इडलीवाल्याकडे गेली. तासाभरानं परत आली, हातात तेलानं पारदर्शक झालेलं एक पान.

"तो मेला नाही," ती म्हणाली, "नुसता बेशुद्ध पडला होता."

मी घाबरून विचारलं, "कोण गे?"

"गोष्टीतला."

माझा धंदा शाळेचे गणवेश शिवण्याचा. मे महिन्यात माप द्यायला पोरांची रांग लागायची. मी टेप लावून ओरडायचो, "छाती चोवीस!" आणि ती वहीत लिहायची. पण लगेच लिहायची नाही. आधी त्या पोराला विचारायची, "तेरा साता?" त्यानं बरोबर सांगितलं तर चोवीस लिहायची, नाहीतर पेन हवेत. मी हात वर करून टेप धरून उभा. एक बाई चिडली. म्हणाली, "आम्ही शर्ट शिवायला आलोय की परीक्षेला?" ही शांतपणे म्हणाली, "दोन्ही होईल. बसा." त्या बाईनं पुढच्या वर्षी तयार गणवेश घेतले. तेव्हा तयार कपड्यांची दुकानं नुकती निघायला लागली होती, गिऱ्हाईक तसंही पातळ होत चाललं होतं. मी तिला शिव्या दिल्या. ती म्हणाली, "त्या पोराला तेरा साता अजून येत नाही."

आणि खोकणं. ते तिचं सगळ्यात मोठं वेड. पुढच्या तिन्नैवर, म्हणजे ओट्यावर, चार पुरुष बसून कुणाच्या मुलीच्या शाळेविषयी बोलायला लागले, आता पुरे झालं म्हणाले, की आतून खोकला यायचा. एकदा नाही, थांबेपर्यंत. लोक विचारायचे, "वहिनींना डॉक्टरला दाखवलं का?" तिची छाती ठणठणीत होती. तो खोकला कुठला, ते मला लग्नानंतर चौथ्या की पाचव्या वर्षी कळलं.

ती आठवीत पहिली आली होती. पापनाशमच्या बाजूला कालव्याकाठी तिचं माहेर, भाताची शेती. ती शहाणी झाली तशी बापानं शाळा बंद केली. मुख्याध्यापिका बाई दोनदा घरी आल्या, दुसऱ्यांदा तर घोडागाडी करून, उन्हात. बापानं हिला माजघरात भाताच्या कणगीमागं बसवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "ती इथं नाही. आत्याकडं गेलीये, कधी येईल ठाऊक नाही." बाई म्हणाल्या, "तिचं सगळं मी बघते, फक्त पाठवा." बराच वेळ बोलल्या. मग गेल्या. घोड्याच्या टापा लांब जाईपर्यंत हिनं ऐकल्या.

ही गोष्ट तिनं मला वीस वेळा तरी सांगितली असेल. बापावर राग नव्हता. रडायचीपण नाही. एकच म्हणायची, "मी नुसतं खोकले असते तरी पुरे होतं."

माझं उलटं. मी पाचवी नापास. आमच्या वाद्यारांनी, म्हणजे मास्तरांनी, पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाप काय करतो?" मी म्हणालो, शिंपी. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुटलेल्या बटणाचा शर्ट आणला. मग छत्री आणली. मग त्यांच्या बायकोची पोलकी तुरपाईला. पोरं फळ्यावर बघून लिहायची आणि मी मागच्या भिंतीला टेकून शिवायचो. वर्षभर. मला वाटायचं मी मास्तरांचा लाडका आहे. परीक्षेत पाटी कोरी राहिली तेव्हा त्यांनी माझ्या बापाला बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "याचा हात चांगला आहे. शाळेत कशाला नासवता?" पोरं हसली. बाप खूष झाला. मी सुई दप्तरात टाकून घरी आलो. तेव्हापासून मला वाटायचं, शाळेत जे काही ठरतं ते आधीच ठरलेलं असतं, बापाचा धंदा विचारतात तेव्हाच. आणि कॉलेज म्हणजे त्याहून मोठी शाळा, तिथं त्याहून मोठ्यानं हसत असणार.

तरी एकदा मी कॉलेजात गेलो होतो. गावाबाहेरच्या एका कॉलेजनं पदवीदानाचे काळे झगे शिवायला दिले. चाळीस झगे. घरभर काळं कापड. द्यायच्या आदल्या दिवशी मी दुपारी झोपून उठलो तर ही झगा घालून कपाटाच्या आरशासमोर उभी. केसात फूल, पायात काही नाही.

"काय चाललंय?"

"खांद्यात कसा पडतो ते बघतेय. आरशात दिसत नाही, तुम्ही सांगा."

"बरा पडतो."

"मी कशी दिसते?"

मी म्हणालो, "वकिलासारखी. काढ, चुरगळेल."

तिनं काढला, घडी घातली. उरलेल्या काळ्या कापडाचा एक चौकोन मागून घेतला आणि त्यात आठवीची मार्कशीट बांधली. तेच ते गाठोडं, दरवर्षी पूजेला ठेवायची ते.

दुसऱ्या दिवशी झगे घेऊन गेलो. कारकून पोरगा होता, माझ्या निम्म्या वयाचा. पावतीवर सही कर म्हणाला. मला तमिळमध्ये नाव लिहिता येतं, पण वेळ लागतो. एकेक अक्षर आठवून काढावं लागतं. मी दुसऱ्या अक्षरावर होतो. त्याच्या मागं चार पोरी उभ्या होत्या, झगे बघायला आलेल्या. त्यानं घड्याळ बघितलं आणि शाईचा डबा पुढं सरकवला. म्हणाला, "पेरियवरे, अंगठा चालेल." आदरानंच म्हणाला, पेरियवरे, म्हणजे वडीलधारे. अर्धं नाव तसंच राहिलं आणि त्याच्या शेजारी मी अंगठा उमटवला. पोरी हसल्या का? नसतीलही. मला हसू ऐकू आलं. घरी येऊन मी सांगितलं, यापुढं मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही. बँक नको, शाळा नको, काही नको. लेक तेव्हा पहिलीत होती.

ही काही बोलली नाही. न बोलणं हा तिचा स्वभाव नव्हता, मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दर जून-जुलैत, बायकांचं कॉलेज उघडायच्या दिवशी, ती चांगली साडी नेसून टाऊन बसनं कुठंतरी जायची. मला वाटायचं देवळात. एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमची बायको दर वर्षी कॉलेजच्या गेटसमोर उभी असते, कुणाची वाट बघते?" मी हबकलो. वाईटच मनात आलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या वर्षी मागोमाग गेलो. गेटसमोर चिंचेच्या झाडाखाली ती उभी, पर्स पोटाशी धरून. पोरी सायकलवरून उतरत होत्या, आत जात होत्या. ती नुसती बघत होती. अर्धा तास. मी जवळ गेलो तर दचकली नाही.

"आता पफ बाह्या गेल्या," ती म्हणाली, "साध्या बाह्या आल्यात. दुकानात लक्षात ठेवा."

"हे बघायला येतेस?"

"नाही. त्या आत जाताना मागं वळून बघतात का, ते बघते. कुणी बघत नाही."

मग आम्ही कापी प्यायलो आणि घरी आलो. यावर मी तिला कधी काही विचारलं नाही. काय विचारणार?

लेक नववीत असताना एक दिवस तिच्या शाळेचे हेडमास्तर आमच्या दुकानात आले. मी मशीनवरून उठलोच. हेडमास्तर हात जोडून उभे. मला हात जोडून! म्हणाले, "तुमच्या घराण्यात मराठीचं ज्ञान टिकून आहे हे आम्हाला ठाऊक आहे. एका जुन्या घराच्या माळ्यावर हा कागद सापडला. इथल्या मराठी राजाच्या वेळचा हुकूम असावा. आपण वाचून सांगाल का?"

आमच्या इथं आम्ही मराठी लोक घरात मराठी बोलतो, लिहितो मात्र तमिळ. ती नागरी अक्षरं आमच्या गल्लीत कुणाला येत नव्हती. एका माझ्या बायकोला यायची. तिच्या आजोबांनी तिला घरातली पोथी वाचायला शिकवलं होतं. मला काय येणार? मी कागद हातात घेतला. उलटा की सुलटा तेसुद्धा कळेना.

आतून खोकला आला.

"चष्मा मोडलाय ह्यांचा," दाराआडून ती म्हणाली. "कागद इकडं द्या. मी नुसता वाचते, अर्थ ते सांगतील."

आणि खरंच तसं झालं. ती आतून मराठीत मोठ्यानं वाचत गेली आणि मी बाहेर हेडमास्तरांना तमिळमध्ये सांगत गेलो. वांगी. तूप. केळीची पानं. चिंच. सुपारी. आचाऱ्यासाठी धोतर. कुठल्यातरी जुन्या लग्नाच्या जेवणाची यादी होती ती. हेडमास्तरांचा चेहरा उतरला, पण माझा मान गेला नाही. जाताना म्हणाले, "तुमची सही आम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवतो. अशी सही करणारे पालक आता राहिले नाहीत."

ते गेले. मी आत गेलो.

"माझी कुठली सही?"

तिनं फडताळातून लेकीची सगळी रिपोर्ट कार्डं काढली. पहिलीपासूनची. प्रत्येकावर, दर तिमाहीला, पालकाच्या रेघेवर एक सही. नागरी अक्षरांत, वर एकटाकी रेघ, शेवटी शेपटीसारखा एक झोका.

"हे काय आहे?"

"तुमचं नाव."

"मला वाचता येत नाही."

"म्हणून काय झालं? नाव तुमचंच आहे. तमिळमध्ये केली असती तर बाईचं अक्षर ओळखलं असतं त्यांनी. हे कुणालाच वाचता येत नाही, म्हणून कुणी विचारत नाही."

मला धरणीकंप झाल्यासारखं झालं. आठ-नऊ वर्षं माझ्या नावाचा दुसराच एक माणूस माझ्या लेकीच्या शाळेत ये-जा करत होता आणि मास्तर त्याला मान देत होते. मी ओरडलो, "हा कोण? हा मी नव्हे!"

"नव्हेच," ती म्हणाली. "हा बरा आहे. लेकीला किती मार्क पडले ते हा बघतो."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मग बोललो. घरात किती दिवस मुकं राहणार? पण तो माणूस डोक्यात बसला तो बसलाच.

आता त्या सरस्वतीपूजेकडं येतो. दुपारी जेवायला बसलो. लेक परसात होती. बायकोनं केळीच्या पानावर सुंडल वाढलं, हरभऱ्याचं, वर खोबरं. चष्मा नसला की ती डोळे बारीक करून वाढायची, पानाच्या बाहेर थोडं सांडायची. तिला तो एक दिवस उपासासारखा जायचा. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ती उलटं करून ठेवायची, चुकून वाचलं जाऊ नये म्हणून.

"परवा सकाळी सहाची बस," ती म्हणाली.

"मी त्या कॉलेजात पाय ठेवणार नाही."

"का?"

"तुला ठाऊक आहे."

"अंगठा?"

मी जेवत राहिलो.

"त्या एका अंगठ्यापायी पोरीला कणगीमागं बसवणार?"

मला इतका राग आला. खरं बोलणं होतं म्हणून आला. मी पानावरून उठलो आणि म्हणालो, "इतकी वर्षं ज्यानं सह्या केल्या त्यालाच घेऊन जा. तो शिकलेला आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. चष्मा नव्हता, तर किती दिसलो असेन कोण जाणे. "बरं," ती म्हणाली. सुंडलचं पातेलं उचलून मागं घासायला गेली.

मी तिन्नैवर जाऊन बसलो. समोरच्या सायकलच्या दुकानात लाडू वाटत होते, कोहळा फोडत होते. असा तास-दीड तास गेला असेल. कापीची वेळ टळली तसा मी मागं गेलो. ती धुण्याच्या दगडाला टेकून बसली होती. मांडीवर हरभरे बांधून आलेला कागद, मान त्याच्यावर वाकलेली. तिची ती नेहमीचीच बसण्याची तऱ्हा.

मी म्हणालो, "वा! मला सांगते सण पाळा, आणि स्वतः वाचत बसलीये. आज वाचायचं नसतं ना?"

ती मान वर करीना.

"अगे, तुलाच सांगतोय."

खांद्याला हात लावला तर ती बाजूला कलंडली. पातेलं निम्मं घासलेलं होतं.

डॉक्टर आले, छातीला नळी लावली, हृदय म्हणाले. मी त्यांना म्हणालो, "छाती ठणठणीत आहे हो तिची, खोकते ते उगीच खोकते." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. मला त्या वेळी काही समजत नव्हतं. लोक येत होते. माझी अक्का पलीकडच्या गल्लीतून आली, तिनं सगळं हातात घेतलं. कुणीतरी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून पापनाशमला तिच्या भावाला कळवलं. तो सकाळच्या पहिल्या बसनं येणार, मगच न्यायचं असं ठरलं. कुणीतरी विचारलं, "चष्मा कुठाय?" अक्का म्हणाली, "पूजेत. आता सुतक लागलं. दहा दिवस कुणी त्या ढिगाला हात लावायचा नाही. पूजा तशीच राहील." लेक भिंतीला टेकून बसली होती. तिनं लखोट्याचं नावही काढलं नाही. मी पण नाही.

सकाळ झाली. विजयादशमीची सकाळ. समोरच्या घरातून लहान पोराचं रडं ऐकू येत होतं, त्याला अक्षर गिरवायला बसवलं होतं वाटतं. आमच्या पुढच्या खोलीत ती निजलेली, जिथं मशीन असतं तिथंच. तिचा भाऊ आला, रडला, तोंड धुऊन तिन्नैवर बसला. माझे दोघे चुलतभाऊ होते. कापी आली. मी त्यांच्यातच बसलो होतो.

भाऊ हळूच म्हणाला, "पोरीचं काय ते आता ठरवायला हवं."

"ठरवायचं काय?" चुलतभाऊ म्हणाला. "घरात बाई नाही राहिली. ह्याला कोण करून घालणार? तिरुच्ची-बिरुच्ची आता पोदुम."

पोदुम म्हणजे पुरे. दुसरा म्हणाला, "बारावी झाली हे काय कमी आहे? पुरे."

मी वाट बघत होतो. खरं सांगतो, देवाशपथ, मी वाट बघत होतो. कान दाराकडं लागले होते. दार माझ्यापासून पाच हातांवर होतं, उघडं होतं, ती आत होती, एवढं सगळं मोठ्यानं बोलणं चाललं होतं. आतून काहीच आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती मेली आहे.

मी खोकलो.

ते थांबले. मी पुन्हा खोकलो. मग खोकतच राहिलो. चुलतभाऊ म्हणाला, "पाणी आणा रे." मी उठून आत गेलो, तिच्या बाजूनं, थेट देवाच्या खोलीत. कापड काढलं. अक्का धावत आली.

"अरे, सुतक आहे! हात लावू नकोस."

मी कात्री बाजूला ठेवली, लखोटा काढला. खालून एक रिपोर्ट कार्ड ओढलं. तिचा चष्मा घेतला आणि घातला. माझ्या डोळ्यांना तो थोडा जास्त पडत होता, पण दिसत होतं. त्या सहीत चार अक्षरं होती. वरची रेघ. शेवटचा झोका. आता हे लिहितोय ती सगळी अक्षरं मी मग शिकलो, पण त्या सकाळी मला ती चार चित्रंच होती.

"तांदूळ कुठायत?" मी विचारलं.

देवाच्या खोलीच्या दाराशी पितळी ताटात तांदूळ काढून ठेवले होते. न्यायच्या आधी जवळच्यांनी तिच्या तोंडात घालायचे तांदूळ. मी ताट ओढलं, खाली बसलो.

अक्का म्हणाली, "अय्यो, ते कशाला काढलेत ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

बोटानं पहिलं अक्षर काढलं. ते कोलमडलं. तांदूळ सारखे केले, पुन्हा काढलं. हात कात्रीचा, वळणं सापडेनात. मागं कुणीतरी येऊन बसलं. लेक. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण बारा वर्षं ती सही बघत आली होती.

"अप्पा, तिसरं असं नाही," ती म्हणाली. "आई आधी गोल करायची, मग खाली यायची."

तिनं माझं बोट धरलं. तिचा हात गार होता. आम्ही तिसरं अक्षर काढलं, मग चौथं, मग वरची रेघ, मग झोका. मग तिनं हात सोडला आणि मी एकट्यानं काढलं. पाच-सहा वेळा. अक्का दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

तिचा भाऊ आत आला. म्हणाला, "भावोजी, उशीर होतोय."

मी त्याला सांगितलं, "उद्या सहाच्या बसनं मी हिला घेऊन तिरुच्चीला जातोय. कारकुनासमोर सही आहे."

"उद्या? अस्थी गोळा करायच्या असतात उद्या."

"परत आल्यावर करीन. मीच तिरुवैयारूला घेऊन जाईन, संध्याकाळी. कावेरी कुठं जात नाही."

मी ताट उचललं. नाव त्यात तसंच होतं, शेवटचं काढलेलं, बऱ्यापैकी जमलेलं. पुढच्या खोलीत जाऊन तिच्याजवळ बसलो, नावावरनंच मूठ भरली, आणि ते तांदूळ तिच्या तोंडात घातले.